पोलिश प्रीपोझिशन मराठीतून शिका: पोलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

व्ह्रोत्स्वाफच्या ऑफिसात माझा पहिला आठवडा चालू होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने इंग्रजीत मेसेज टाकला, ‘आय ॲम ऑन मीटिंग’. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ‘इट डिपेंड्स फ्रॉम द क्लायंट’. जेवणाच्या सुट्टीत एकीने मोबाईल पुढे केला, ‘ऑन धिस पिक्चर इज माय डॉटर’. ही सगळी चांगलं इंग्रजी बोलणारी माणसं. अडखळत होती ती प्रीपोझिशनपाशी, आणि सगळी एकाच पद्धतीने. पुढे पोलिश शिकायला लागले तेव्हा उलगडा झाला. पोलिशमध्ये माणूस मीटिंग‘वर’ असतो, मुलगी फोटो‘वर’ असते, आणि एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टी‘पासून’ अवलंबून असते. त्यांचं ते चुकलेलं इंग्रजी म्हणजे अचूक पोलिश होतं.

मग माझ्याही लक्षात आलं की मी तेच उलट दिशेने करतेय. क्लासमध्ये पोलिश वाक्य जुळवताना मनात आधी इंग्रजी वाक्य तयार व्हायचं आणि ‘इन’ला काय, ‘फॉर’ला काय, असा शोध सुरू व्हायचा. सहा महिने त्यात गेले. नंतर एकदा बसमध्ये घरी फोनवर बोलता बोलता ‘डॉक्टरकडे गेले होते, डॉक्टरकडूनच येतेय’ असं म्हणाले आणि जाणवलं की सकाळी क्लासमध्ये नेमका हाच फरक समजत नव्हता. तो तर आपल्या तोंडात जन्मापासून आहे. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: पोलिश प्रीपोझिशन शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी हाताशी घ्या. ते कसं, हे पुढे पायऱ्यांनी लिहिलंय.

वाचण्याआधी उच्चारांचं थोडं. इथे ‘व्ह’ लिहिलंय तो दात ओठाला टेकवून म्हणायचा, आणि नुसता ‘व’ हा दोन्ही ओठ गोल करून. पोलिशमध्ये हे दोन वेगळे वर्ण आहेत. ‘झ’ एकच लिहिला असला तरी त्यामागे पोलिशचे दोन-तीन जवळजवळचे आवाज आहेत. ते ऐकूनच पक्के होतात.

पहिली पायरी: सामान्यरूप आठवा

शाळेत विभक्तीचे प्रत्यय पाठ केलेत ना? स, ला, ते, ने, ए, शी, ऊन, हून, त, ई, आ. पोलिशमध्येही विभक्त्या आहेत, एकूण सात. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्याला हे ऐकूनच घाम फुटतो, कारण त्याच्या भाषेत नाम जागचं हलत नाही. आपलं तसं नाही. ‘शाळा’ला ‘त’ लावताना आपण ‘शाळात’ म्हणत नाही, ‘शाळेत’ म्हणतो. पोलिशमध्ये शाळेला ‘श्कोवा’ म्हणतात आणि शाळेत म्हणजे ‘फ् श्कोले’. शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ए’ आला, दोन्हीकडे.

एवढंच साम्य असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण देऊळचं ‘देवळात’ होतं, कापूसचं ‘कापसात’ होतं, तसं ‘द्व्होझेत्स’ म्हणजे रेल्वे स्टेशन याचं ‘ना द्व्होर्त्सू’ होतं. मधला स्वर गळतो. फूलचं ‘फुलात’ होताना ऊ बदलतो, तसा ‘स्तूव’ म्हणजे टेबल, ‘ना स्तोले’ म्हणजे टेबलावर. क्राकूफ शहराचं ‘फ् क्राकोव्ह्ये’ होतं तेही याच चालीने. फरक इतकाच की आपण प्रत्यय नामाच्या शेवटी जोडतो आणि ते शब्द नामाच्या आधी ठेवतात. नामाचं रूप मात्र दोघांनाही बदलावं लागतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. प्रीपोझिशन एकटं लिहून ठेवू नका. वहीत ‘दो म्हणजे कडे’ असं लिहिलंत तर उपयोग शून्य. ‘दो श्कोवी, शाळेला’ असं जोडीने लिहा. आपणही लहानपणी ‘त’ वेगळा शिकलो नाही, ‘घरात’ शिकलो.

दुसरी पायरी: तीन त्रिकुटं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जागेबद्दल बोलताना पोलिश माणूस तीन प्रश्न वेगळे ठेवतो: कुठे आहे, कुठे जातोय, कुठून आला. आणि जागा कशा प्रकारची आहे त्यावरून शब्दांचं त्रिकूट ठरतं. अशी मुख्य त्रिकुटं तीन आहेत.

पहिलं त्रिकूट बंदिस्त जागा, शहरं आणि बहुतेक देशांसाठी. आत असेल तर ‘व्ह्’, जायचं असेल तर ‘दो’, आला असेल तर ‘झ्’. घराचं बघा: ‘व्ह् दोमू’, ‘दो दोमू’, ‘झ् दोमू’. घरी, घरी, घरून. दुकानाचं: ‘फ् स्क्लेप्ये’, ‘दो स्क्लेपू’, ‘झे स्क्लेपू’. दुकानात, दुकानात, दुकानातून. वॉर्साचं: ‘व्ह् व्हार्शाव्ह्ये’, ‘दो व्हार्शाव्ही’, ‘झ् व्हार्शाव्ही’. भारताचं: ‘व्ह् इंद्याख’, ‘दो इंद्यी’, ‘झ् इंद्यी’. पोलिशमध्ये भारत अनेकवचनी आहे, त्यामुळे शेवट जरा वेगळे आहेत. पण ‘तू कुठली’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की ‘झ् इंद्यी’ आठवड्याभरात तोंडात बसतं.

दुसरं त्रिकूट उघड्या जागा, कार्यक्रम आणि काही ठरावीक ठिकाणांसाठी. इथे असणं आणि जाणं दोन्हीला ‘ना’, आणि येण्याला पुन्हा ‘झ्’. विमानतळ: ‘ना लोत्निस्कू’, ‘ना लोत्निस्को’, ‘झ् लोत्निस्का’. पोस्ट: ‘ना पोच्चे’, ‘ना पोच्ते’, ‘स् पोच्ती’. स्टेशन, विद्यापीठ, रस्ता, मैफल, मीटिंग, तास, सगळं ‘ना’. पोस्ट ही भिंती असलेली इमारत असूनही ‘ना’ का, असं विचारत बसू नका. आपण ‘स्टेशनवर’ म्हणतो आणि ‘बँकेत’ म्हणतो, त्याचं कारण कुणी विचारलं तर काय सांगाल? स्टेशनवर, विमानतळावर, रस्त्यावर, मीटिंगला हे आपलं बरंचसं जुळतं. पोस्ट आणि विद्यापीठ जुळत नाही. जे जुळत नाही तेवढंच पाठ करा. अशा शब्दांची यादी एका पानात मावते.

तिसरं त्रिकूट माणसांसाठी, आणि मराठी माणसाला हे सगळ्यात सोपं. डॉक्टरकडे असाल तर ‘ऊ लेकाझा’, डॉक्टरकडे जात असाल तर ‘दो लेकाझा’, डॉक्टरकडून येत असाल तर ‘ओद लेकाझा’. कडे, कडे, कडून. माणसाला ‘त’ लागत नाही हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ‘डॉक्टरात गेले’ असं कुणी म्हणतं का? पोलिशमध्येही माणसाकडे जायचं तर ‘व्ह्’ आणि ‘ना’ घेत नाहीत. माझ्याकडे म्हणजे माझ्या घरी, ‘ऊ म्न्ये’. न्हाव्याकडे, ‘ऊ फ्रिझ्येरा’. आणि येताना इथे ‘झ्’ नाही, ‘ओद’ येतो, हेही लक्षात असू द्या.

या तिन्हींत आपली मराठी एका ठिकाणी कमी पडते, ते स्पष्ट सांगते. पुस्तक टेबलावर आहे आणि पुस्तक टेबलावर ठेवते, दोन्हीकडे आपण ‘टेबलावर’ म्हणतो. पोलिशमध्ये प्रीपोझिशन एकच, ‘ना’. पण आहे तेव्हा ‘ना स्तोले’, ठेवताना ‘ना स्तूव’. स्थिर असेल तर सप्तमी, हालचाल असेल तर द्वितीया. वरच्या ‘ना लोत्निस्कू’ आणि ‘ना लोत्निस्को’ मध्ये जो शेवट बदलला तो याचसाठी. इथे मराठी कानाला काही खटकत नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं राहते. माझ्या क्लासच्या बाईंनी यावर उपाय दिला होता: बोलताना हात वापरा. ‘ना स्तोले’ म्हणताना तळहात टेबलावर ठेवलेला, ‘ना स्तूव’ म्हणताना हात हवेतून टेबलाकडे येणारा. पंधरा दिवस घरी एकटीने केलं, मग हाताची गरज उरली नाही.

प्रागा की प्राग

एका मुलाचं उदाहरण सांगते. पुण्याहून वॉर्साला नोकरीला आलेला, हुशार, दोन महिन्यांत दुकानातली पोलिश बोलायला लागलेला. वॉर्सात व्हिस्तुला नदीच्या उजव्या काठाला प्रागा नावाचा जुना भाग आहे. तिथे त्याने खोली घेतली. ऑफिसात कुणी विचारलं, कुठे राहतोस? तो म्हणाला, ‘म्येश्काम फ् प्राद्झे’. विचारणारीचे डोळे मोठे झाले. रोज एवढ्या लांबून कसा येतोस? कारण चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हिलाही पोलिशमध्ये ‘प्रागा’च म्हणतात. ‘फ् प्राद्झे’ म्हणजे प्राग शहरात. वॉर्सातल्या प्रागा भागात राहत असाल तर ‘ना प्राद्झे’. नाम तेच, रूप तेच, फक्त ‘फ्’ आणि ‘ना’ यांत पाचशेहून अधिक किलोमीटरचा फरक.

तेव्हा घर मिळालं की आपल्या भागाला ‘ना’ लागतो की ‘व्ह्’ हे शेजाऱ्याला विचारून घ्या. वॉर्सात ‘ना मोकोतोव्ह्ये’, ‘ना व्होली’, ‘ना ओखोच्ये’, पण मध्यवर्ती भागाला ‘फ् श्रूद्म्येश्च्यू’. क्राकूफमध्ये ‘ना काझिम्येझू’, पण ‘व्ह् नोव्हेय हूच्ये’. वॉर्सातल्या ओखोता भागात गुजरातमधल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांच्या नावाने ‘चांगल्या महाराजांचा चौक’ आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता. मी इचलकरंजीची, आमच्याकडून जवळच वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे तो चौक बघायला मी मुद्दाम गेले, आणि पत्ता विचारताना ‘ना ओखोच्ये’ पहिल्यांदा बरोबर म्हणाले.

देशांचंही असंच आहे. बहुतेक देश ‘व्ह्’ने: पोलंडमध्ये ‘फ् पोल्स्त्से’, जर्मनीत ‘व्ह् न्येम्चेख’. पण काही शेजारी देश जुन्या वहिवाटीने ‘ना’ने: हंगेरीत ‘ना व्हेंग्झेख’, लिथुआनियात ‘ना लित्फ्ये’, स्लोव्हाकियात ‘ना स्वोव्हात्स्यी’. बऱ्याच बेटांनाही ‘ना’, म्हणून श्रीलंकेत ‘ना स्री लांत्से’. युक्रेनला पूर्वी ‘ना’ सर्रास वापरायचे. २०२२ मध्ये पोलिश भाषा परिषदेने ‘व्ह् ऊक्राइन्ये’ आणि ‘दो ऊक्राइनी’ ही रूपं वापरायला प्रोत्साहन दिलं, जुन्या रूपाला चूक न ठरवता. तुम्ही ‘व्ह्’ वापरा. युक्रेनहून आलेले लोक तुमच्या ऑफिसात, शेजारी असतीलच. त्यांच्यासाठी या एका अक्षराला अर्थ आहे.

तिसरी पायरी: ‘ने’ला प्रीपोझिशन नाही, ‘बरोबर’ला आहे

इंग्रजी ‘विथ’ डोक्यात असलं की इथे हमखास घोटाळा होतो. ‘पेनने लिहिते’ आणि ‘मैत्रिणीबरोबर लिहिते’ या दोन्हींना इंग्रजीत ‘विथ’ चालतं. मराठीत ही दोन वेगळी कामं आहेत, पोलिशमध्येही. साधन असेल तर नुसती तृतीया, आधी काही नाही: ‘पीशे द्वूगोपीसेम’, पेनने लिहिते. बसने ‘आउतोबूसेम’, ट्रॅमने ‘त्राम्व्हायेम’, ट्रेनने ‘पोच्योंग्येम’. शेवटचा ‘एम’ हाच आपला ‘ने’. सोबत असेल तर ‘झ्’ आणि तृतीया: सहकाऱ्याबरोबर ‘स् कोलेगों’, माझ्याबरोबर ‘झे म्नों’. आपण ज्याला ‘शी’ लावतो तेही इथेच बसतं. साहेबांशी बोलतेय, ‘रोझ्माव्ह्याम स् शेफेम’. तिच्याशी लग्न झालं यातला ‘शी’सुद्धा ‘झ्’च, आणि म्हणून पोलिश माणूस इंग्रजीत ‘मॅरिड विथ’ म्हणतो.

आता एक गोष्ट नीट बघा. ‘झ्’ आधीच्या पायरीत ‘हून’ म्हणून आला होता, इथे ‘बरोबर’ म्हणून आलाय. शब्द एकच, मग ओळखायचं कसं? नामाच्या शेवटावरून. ‘स् पोल्स्की’ म्हणजे पोलंडहून, ‘स् पोल्स्कों’ म्हणजे पोलंडबरोबर. प्रीपोझिशन ऐकून थांबू नका, नाम पूर्ण होईपर्यंत कान उघडे ठेवा.

याचा सराव करायला उपाहारगृहासारखी जागा नाही. ‘काव्हा झ् म्लेक्येम, बेस् त्सूक्रू’: दूध घातलेली कॉफी, बिनसाखरेची. मेनूवर प्येरोगीची यादी लागलेली असते. हे आपल्या करंजीच्या आकाराचे, पण उकडलेले. त्यात ‘झ् म्येंसेम’ म्हणजे मांस भरलेले, ‘स् सेरेम’ म्हणजे चीज भरलेले, ‘स् कापूस्तों इ ग्झिबामी’ म्हणजे कोबी आणि अळंबी भरलेले. सारण काय आहे ते ‘झ्’ सांगतो. आणि ‘बेझ्’ म्हणजे विना. शाकाहारी असाल तर पोलंडला निघण्याआधी विमानातच ‘बेझ् म्येंसा’ पाठ करून ठेवा. अंडं चालत नसेल तर ‘बेझ् यायेक’ही. ‘झ्’ आणि ‘बेझ्’ यांत ऐकताना फारसं अंतर नाही, म्हणून ‘बे’वर जोर द्या आणि ताटलीत काय येणार ते एकदा पुन्हा विचारा.

चौथी पायरी: ‘साठी’ फोडून बघा

इंग्रजी ‘फॉर’ने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, आणि मराठीने तो एका दुपारी सोडवला. ही तीन वाक्यं वाचा. दोन वर्षांसाठी आले. दोन वर्षांपासून राहतेय. दोन वर्षं राहिले. इंग्रजीत तिन्हींना ‘फॉर’ लागू शकतं. मराठीत तीन वेगळे अर्थ, तीन वेगळी रूपं. पोलिशमध्येही तीन: ‘ना द्व्हा लाता’, ‘ओद द्व्हूख लात’, ‘प्शेझ द्व्हा लाता’. व्हिसाच्या, भाड्याच्या, नोकरीच्या कुठल्याही बोलण्यात हे तिन्ही येतात, आणि चुकलं तर समोरचा गोंधळतो: ही बाई दोन वर्षं इथे आहे की दोन वर्षांनी जाणार आहे? आधी मराठी वाक्य मनात म्हणा. ‘साठी’ आला तर ‘ना’, ‘पासून’ आला तर ‘ओद’, काहीच आलं नाही तर ‘प्शेझ’. (आलो आणि आले हा फरकही पोलिशमध्ये आहे: पुरुष ‘प्शियेखावेम’ म्हणतो, बाई ‘प्शियेखावाम’. तिथेही आपल्याला नवीन काही नाही.)

वस्तूंच्या ‘फॉर’चं वेगळं. माणसासाठी असेल तर ‘द्ला’: माझ्यासाठी ‘द्ला म्न्ये’, मुलांसाठी ‘द्ला जेची’. पण वस्तू कशाला वापरायची ते सांगायचं असेल तर ‘दो’. पहिल्या आठवड्यात दुकानात भांड्यांचा साबण शोधाल तेव्हा बाटलीवर ‘प्विन दो नाचिन’ लिहिलेलं दिसेल. शाम्पूवर ‘दो व्ह्वोसूफ’, केसांचा. हाताच्या क्रीमवर ‘दो रोंक’. आपणही इथे ‘साठी’ फारसं म्हणत नाही, भांड्यांचा साबण आणि केसांचा शाम्पू असंच म्हणतो. बाथरूममधल्या बाटल्या हेच तुमचं या धड्याचं पुस्तक.

आणि ‘कॉफीला जाऊ या’ मधला ‘ला’? तो ‘ना’: ‘ना काव्हे’. ‘पाण्याला गेली’, म्हणजे पाणी आणायला गेली, यातला ‘ला’ मात्र ‘पो’: ‘पोश्वा पो व्होदे’. गावाकडच्या मराठीतली ही वाक्यं ज्यांच्या कानात आहेत त्यांना पोलिश लवकर जवळची वाटते. ‘नदीवर’ घ्या. आपण नदीवर जातो म्हणजे काठावर जातो, पाण्याच्या वर नाही. पोलिशमध्येही नदीला आणि समुद्राला ‘नाद’ लागतो, ज्याचा मूळ अर्थ ‘वर’: नदीवर जाते ‘नाद झेके’, नदीवर आहे ‘नाद झेकों’, समुद्रावर जाते ‘नाद मोझे’. डोंगरात जायचं असेल तर मात्र ‘व्ह् गूरी’.

वेळेचं थोडक्यात. वाराला ‘व्ह्’: सोमवारी ‘फ् पोन्येजावेक’, बुधवारी ‘फ् श्रोदे’. वाजता म्हणायला ‘ओ’: आठ वाजता ‘ओ ऊस्मेय’. तासाभराने येते म्हणायचं असेल तर ‘झा गोजीने’. इथे इंग्रजी ‘इन’ आठवून ‘व्ह्’ लावलंत तर अर्थ ‘तासाभरात पूर्ण करेन’ असा होतो. कार्यालयांच्या दारावर ‘ओद पोन्येजाव्कू दो प्योंत्कू’ लिहिलेलं असतं, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत. अर्ज भरतानाही ‘ओद’ आणि ‘दो’ असे दोन रकाने येतात: कधीपासून, कधीपर्यंत.

पाचवी पायरी: क्रियापदाला त्याच्या प्रश्नासकट पाठ करा

काही क्रियापदांबरोबर कुठलं प्रीपोझिशन येतं याला नियम नाही. इथे पोलिश शाळेतली पद्धत उचला. तिथली मुलं विभक्त्या प्रश्नांनी पाठ करतात: ‘क्तो, त्सो’, ‘कोगो, चेगो’, ‘स् किम, स् चिम’, ‘ओ किम, ओ चिम’. कोण, काय, कुणाचा, कशाचा, कुणाबरोबर, कशाबरोबर, कुणाबद्दल, कशाबद्दल. तिकडच्या शब्दकोशातही क्रियापदापुढे असेच प्रश्न असतात. म्हणून वहीत नुसतं ‘चेकाच, वाट बघणे’ लिहू नका. ‘चेकाच ना कोगो, ना त्सो’ असं लिहा. ‘झालेझेच ओद कोगो, ओद चेगो’, अवलंबून असणे. दुसऱ्या शब्दावर लक्ष ठेवा: ‘त्सो’ असेल तर द्वितीया, ‘चेगो’ असेल तर षष्ठी.

सुरुवातीला एवढी पुरतात. बसची वाट बघते, ‘चेकाम ना आउतोबूस’. मदतीबद्दल धन्यवाद, ‘जेंकूये झा पोमोत्स’. बिल द्या, ‘प्रोशे ओ राखूनेक’. आईला फोन करते, ‘द्झ्व्होन्ये दो मामी’. घराबद्दल विचार करते, ‘मिश्ले ओ दोमू’. आणि दोन क्रियापदं अशी की ज्यांना काहीच लागत नाही, फक्त नाम षष्ठीत जातं: ‘शूकाम म्येश्कान्या’, घर शोधतेय, ‘स्वूखाम मूझिकी’, गाणी ऐकतेय. इंग्रजीत इथे ‘फॉर’ आणि ‘टू’ येतात, मराठीत काही येत नाही. पोलिश सहकारी ‘आय लिसन म्युझिक’ का म्हणतो, हे आता तुम्हीच सांगाल. त्याची इंग्रजी ऐकताना असे शब्द टिपून घ्या. माझ्या वहीतली सुरुवातीची वीस-पंचवीस क्रियापदं अशीच जमली, एकही पुस्तक न उघडता.

सहावी पायरी: तोंडाला वळण

‘व्ह्’ आणि ‘झ्’ यांना स्वर नाही, म्हणून ते एकटे उभे राहू शकत नाहीत, आपल्या ‘त’सारखेच. ‘घरात’ म्हणताना ‘त’आधी आपण थांबत नाही; तसं ‘व्ह्’नंतर थांबू नका, पुढच्या शब्दाला चिकटवा. पुढे क, प, त, स असा कठोर वर्ण असेल तर ‘व्ह्’चा ‘फ्’ आणि ‘झ्’चा ‘स्’ होतो. लिहिताना बदल नाही, बोलताना आहे. म्हणून या लेखात ‘फ् क्राकोव्ह्ये’ आणि ‘व्ह् दोमू’ असं दोन तऱ्हांनी लिहिलंय. आणि दोन-तीन व्यंजनं एकत्र आदळणार असतील तर मध्ये ‘ए’ घालतात: ‘व्हे व्ह्रोत्स्वाव्ह्यू’, ‘व्हे फ्तोरेक’, ‘झे म्नों’. हे म्हणून बघितलं की ‘ए’ का लागतो ते जिभेलाच कळतं.

त्याला, तिला यांची रूपंही प्रीपोझिशननंतर बदलतात, सुरुवातीला ‘न’ येतो. ‘येगो’ म्हणजे त्याचा. पण त्याच्याकडे ‘दो न्येगो’, त्याच्याबरोबर ‘झ् निम’, तिच्यासाठी ‘द्ला न्येय’. ‘तो’चं ‘त्याच्या’ होतं तसं समजा आणि पुढे चला.

रोजचा सराव: स्टेशनवर दहा मिनिटं

नागरिकत्वासाठी किंवा दीर्घ मुदतीच्या रहिवासासाठी पुढे बी-वन (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरची मधली) पातळीचा दाखला लागतो, त्याची तयारी क्लास करवून घेईल. रोजच्या कानाच्या सरावाला मात्र मला रेल्वेच्या घोषणेसारखं काही सापडलं नाही. फुकट असते, स्पष्ट असते, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा ऐकू येते.

घोषणेचा साचा असा: पोच्योंग ‘झे स्तात्स्यी’ व्ह्रोत्स्वाफ ग्वूव्हनी ‘दो स्तात्स्यी’ ग्दिन्या ग्वूव्हना, ‘प्शेस् स्तात्स्ये’ अमुक, तमुक, ‘व्ह्येजे ना तोर द्रूगी, प्शी पेरोन्ये प्येर्फ्शिम’. अमुक स्टेशनहून, अमुक स्टेशनला जाणारी, अमुक स्टेशनांवरून जाणारी गाडी दुसऱ्या रुळावर येत आहे, पहिल्या फलाटाजवळ. पाच प्रीपोझिशन एका दमात. ‘ना तोर’ ऐका: गाडी येतेय, हालचाल आहे, म्हणून द्वितीया. सुटणारी गाडी असेल तर तिथेच ‘ओद्येजे स् तोरू द्रूग्येगो’ येतं, रुळावरून सुटेल, म्हणून षष्ठी. ‘प्शी पेरोन्ये’ म्हणजे फलाटाजवळ. फलाट हलत नाही, म्हणून सप्तमी. पहिल्या दिवशी फक्त ‘झे’ आणि ‘दो’ पकडा. दुसऱ्या आठवड्यात ‘ना’ की ‘झ्’ ते ओळखा, म्हणजे गाडी येतेय की सुटतेय हे आकड्यांआधी कळेल.

घोषणेत गावांची नावं मूळ रूपात राहतात, कारण विभक्ती ‘स्तात्स्या’ या शब्दावर पडलेली असते. तिकीट खिडकीवर ही सोय नाही. तिथे नाव तुम्हालाच बदलावं लागतं. ‘ग्दिन्या’ची ‘ग्दिनी’ होते. उद्याचं तिकीट हवं असेल तर ‘चं’साठी पुन्हा ‘ना’. रांगेत उभ्या उभ्या दोनदा मनात म्हणून घ्या आणि मग खिडकीशी बोला: ‘पोप्रोशे बिलेत दो ग्दिनी, ना यूत्रो’.